एका दिवसाचे सायगाव

आपल्या महाराष्ट्रात सायगाव नावाची गावे एकाहून अधिक आहेत. येवल्याकडे एक आहे, अंबाजोगाईकडे एक आहे. आज ज्या सायगावाविषयी मी बोलणार आहे ते मात्र पार व्हिएतनाम देशाच्या दक्षिण भागात, सायगाव नावाच्याच नदीच्या काठी वसलेले मोठे शहर आहे. १९७६ पासून त्याचे सरकारी नाव हो चि मिन्ह शहर असे आहे. पण तिथले लोक बोलताना अजून सायगावच म्हणतात, म्हणून आपणही तसेच म्हणू.

तुम्ही म्हणाल, एवढ्या दूरच्या शहराची माहिती आम्हांला कशाला? त्याची कारणे दोन. एक तर व्हिएतनामच्या सहलींच्या जाहिराती अलीकडे तालुक्याच्या गावीही लागू लागल्या आहेत. कुणाचा मुलगा नोकरीला लागतो आणि आईवडिलांना परदेश दाखवतो, कुठे निवृत्त शिक्षकांचा गट निघतो. अशा सहलीत सायगावच्या वाट्याला बहुधा एकच दिवस येतो. दुसरे कारण याहून महत्त्वाचे आहे. अनोळखी शहरातला एक दिवस कसा आखावा, ही विद्या सायगावला जितकी लागते तितकीच वेरूळला मुलांची सहल नेतानाही लागते.

ही विद्या मी ठेच लागून शिकलो. ती ठेच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका सहलीबरोबर सायगावला गेलो. यादीत अकरा ठिकाणे होती. यादी लांब दिसली की पैसे वसूल झाले असे आपल्याला वाटते, तसे मलाही वाटले. सकाळीच बस कूचीच्या भुयारांकडे निघाली. युद्धाच्या काळात गनिमांनी जमिनीखाली खोदलेली ही भुयारे शहराच्या वायव्येला आहेत. जवळचे ठिकाण धरले तरी चाळीस किलोमीटरच्या आसपास, आणि रस्ता वर्दळीचा. जाण्यायेण्यात आणि पाहण्यात दुपार सरली. मग जेवण, मग खरेदीचे दुकान, मग खिडकीतूनच चर्च. युद्धावशेष संग्रहालयात पोहोचलो तेव्हा ते बंद व्हायला अर्धा तास उरला होता.

आमच्यात एक निवृत्त गुरुजी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षे काढली होती. परत गेल्यावर आपल्या जुन्या शाळेत जाऊन मुलांना व्हिएतनामची गोष्ट सांगायची, असे त्यांनी कबूल केले होते आणि त्यासाठी खिशात वही ठेवली होती. संग्रहालयात ते एका छायाचित्रापुढे थांबले. खालचा मजकूर लावून लावून वाचू लागले. तेवढ्यात वाटाड्याने "चला, चला" सुरू केले. बसमध्ये गुरुजी वही मिटून बसले होते. मला म्हणाले, "सर, अकराच्या अकरा बघितलं. पण पोरांना काय सांगू, ते काही हाताला लागलं नाही."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. पुढे दोन वर्षांनी एका परिसंवादाच्या निमित्ताने मला पुन्हा सायगावात एक दिवस मिळाला. तेव्हा मात्र तो दिवस मी कागदावर आखून मगच बाहेर पडलो.

आता पहिला धडा. शेतकरी आधी विहिरीत पाणी किती आहे ते पाहतो आणि मग किती रानात काय लावायचे ते ठरवतो. आपण प्रवासात नेमके उलटे करतो. आधी अकरा ठिकाणे लावून मोकळे होतो आणि मग पाणी पुरत नाही म्हणून रडतो. तेव्हा प्रथम तास मोजावेत. सकाळी आठ ते सायंकाळी साडेपाच धरा. झाले साडेनऊ तास. त्यातून जेवण आणि दुपारची विश्रांती यांचे दोन तास वजा करा. सायगाव विषुववृत्तापासून फार लांब नाही. भर दुपारी तिथे हिंडणे म्हणजे चैत्रातल्या उन्हात रान तुडवणे. चालणे, तिकिटे, चुकामूक यांचा दीड तास वजा करा. राहिले सहा तास. एखादे ठिकाण समजून पाहायचे तर एक ते दोन तास हवेतच. म्हणजे दिवसाला चार मुक्काम झाले, पाचवा नाही.

दुसरा धडा नकाशाचा. अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवसात उरकण्याचा हट्ट करणारे लोक आपण पाहतो. नावे शेजारी शेजारी छापली की ठिकाणेही शेजारी असतील असे त्यांना वाटते. सायगावात हीच चूक कूचीच्या बाबतीत होते. तेव्हा नकाशा घ्या आणि ठिकाणांवर पेन्सिलीने टिंबे मांडा. चटकन दिसेल की शहराच्या मध्यभागी दोनेक किलोमीटरच्या टापूत बहुतेक टिंबे पडली आहेत. पश्चिमेकडे पाच-सहा किलोमीटरवर चोलोन ही जुनी चिनी वस्ती आहे, आणि कूची तर नकाशाच्या कडेलाच जाते. एका दिवसाच्या पाहुण्याने मध्यभाग धरावा. चोलोन आणि कूची यांना मनातून नमस्कार करून सोडून द्यावे. सोडता येणे हीच आखणीची निम्मी कला आहे.

इथे एक सूचना. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत पत्त्यांमध्ये पहिला जिल्हा, तिसरा जिल्हा, पाचवा जिल्हा असे शहराचे भाग दिलेले असतात. १ जुलै २०२५ पासून हे जिल्हे कागदोपत्री रद्द झाले. त्याच वेळी शेजारचे दोन प्रांत शहरात विलीन झाले आणि लोकसंख्या सुमारे एक कोटी चाळीस लाखांवर गेली. तरी वाहनवाले आणि दुकानदार जुन्याच आकड्यांनी बोलतात, म्हणून ते माहीत असावेत. मध्यभाग म्हणजे पहिला जिल्हा.

तिसरा धडा क्रमाचा. कोणते ठिकाण केव्हा उघडते आणि केव्हा मिटते, ऊन कधी, पाऊस कधी, हे पाहून क्रम लावावा. अजिंठ्याला सोमवारी आणि वेरूळला मंगळवारी सुट्टी असते हे न पाहता निघालेल्या सहली दारातून परतल्याचे शिक्षकांना ठाऊकच आहे. सायगावातही काही संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात, काही दुपारी मिटतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी. मे ते नोव्हेंबर हा तिथला पावसाळा. तो आपल्यासारखा झडीचा नसतो. बहुधा दुपारनंतर तास-दीड तास धो धो कोसळतो आणि उघडतो. म्हणून उघड्यावरची कामे सकाळी आणि छपराखालची दुपारी ठेवावीत. डिसेंबर ते एप्रिल कोरडे दिवस. मात्र जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचे नववर्ष, तेत, येते. तेव्हा आपल्या दिवाळीसारखे सारे शहर आपापल्या गावी जाते आणि दुकाने बंद राहतात.

हे तीन धडे लावून माझा दिवस कसा गेला ते सांगतो.

सकाळी आठला मी स्वातंत्र्य प्रासादाच्या दारात होतो. पहिला मुक्काम हाच ठेवण्याचे कारण असे, की याची तिकीट-खिडकी दुपारीच बंद होते. पूर्वी या जागी फ्रेंच राज्यपालाचा वाडा होता. फेब्रुवारी १९६२ मध्ये दक्षिण व्हिएतनामच्याच दोन वैमानिकांनी अध्यक्षांविरुद्ध बंड करून त्यावर बाँब टाकले. मग न्गो विएत थू या व्हिएतनामी वास्तुशिल्पीने नवा प्रासाद उभारला. तो १९६६ मध्ये पुरा झाला. वर गालिचे घातलेली दालने आणि गच्चीवर हेलिकॉप्टर. तळघरात मात्र नकाशांच्या आणि बिनतारी यंत्रांच्या अरुंद खोल्या. ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तरेचे रणगाडे या प्रासादाची फाटके मोडून आत शिरले आणि युद्ध संपले.

अंगणात दोन रणगाडे उभे आहेत. त्यांची एक गोष्ट इतिहासाच्या शिक्षकांनी जरूर सांगावी. पुष्कळ वर्षे अशी समजूत होती की ८४३ क्रमांकाच्या रणगाड्याने मुख्य फाटक मोडले. पुढे त्या वेळी तिथे हजर असलेल्या एका फ्रेंच छायाचित्रकार बाईंचे चित्र पुढे आले. त्यावरून दिसले की ८४३ बाजूच्या फाटकाशी अडला होता आणि मुख्य फाटक मोडून आत गेला तो ३९० क्रमांकाचा. आणखी गंमत म्हणजे अंगणातले हे दोन्ही रणगाडे मूळचे नव्हेत. ते त्या जातीचे नमुने आहेत. मूळ दोन्ही हनोईच्या संग्रहालयांत आहेत. एवढ्या गाजलेल्या क्षणाबद्दलही वीस वर्षे चूक चालत राहते, तर ऐकीव इतिहासावर किती भरवसा ठेवावा, हा धडा त्या अंगणात आपोआप मिळतो.

यावरून आठवले. अमेरिकेशी आपण कसे लढलो हे सांगताना व्हिएतनामच्या एका नेत्याने शिवछत्रपतींचे नाव घेतले, अशी एक कथा आपल्याकडे भाषणांतून फार सांगितली जाते. शोध घेणाऱ्यांना तिला पुरावा मिळालेला नाही. महाराजांची थोरवी अशा उसन्या दाखल्यावर उभी नाही, आणि व्हिएतनामी लोकांनी जे सोसले तेही त्यांचे स्वतःचे आहे. वर्गात ही कथा सांगू नये हे बरे.

प्रासादातून दहा मिनिटे चालले की समोर लाल विटांचे चर्च येते. हे १८७७ ते १८८० या काळात फ्रेंचांनी बांधले आणि त्याच्या विटा फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातून जहाजाने आणल्या. भाजलेल्या मातीचा देश, आणि विटा मात्र सातासमुद्रापलीकडून! साम्राज्य म्हणजे काय हे मुलांना समजावून द्यायला एवढी एक वीट पुरे. २०१७ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती हाती घेतली गेली, म्हणून बाहेरून पाहण्याचीच तयारी ठेवावी. शेजारीच मध्यवर्ती टपाल कचेरी आहे. ती १८९१ मध्ये पुरी झाली. आयफेल मनोरा बांधणाऱ्या आयफेलनेच ही बांधली असे पुष्कळ वाटाडे सांगतात. ते खरे नव्हे, तिचा शिल्पी फूलू नावाचा दुसरा फ्रेंच गृहस्थ होता. आत गेल्यावर कमानदार उंच छत, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर रंगवलेले जुने नकाशे, आणि समोर हो चि मिन्ह यांचे मोठे चित्र दिसते. फ्रेंचांच्या इमारतीत फ्रेंचांना घालवणाऱ्याचे चित्र! हे टपालघर चालू आहे. मी तिथल्या बाकावर बसून गुरुजींना एक कार्ड लिहिले आणि तिथेच पेटीत टाकले. शिक्षकांनो, तुम्ही गेलात तर शाळेच्या पत्त्यावर एक कार्ड अवश्य टाका. वर्गाला ते महिनाभर पुरते.

इथून बेन थान बाजाराकडे चालत निघालो, आणि वाटेत रस्ता ओलांडण्याची परीक्षा आली. सायगावात मोटारसायकलींचा नुसता लोंढा असतो. थांबून वाट पाहाल तर सकाळची दुपार होईल. तिथली रीत अशी आहे: हळू, एका चालीने पुढे जात राहायचे, मध्येच धावायचे नाही, थबकायचे नाही, मागे तर मुळीच फिरायचे नाही. आपली चाल पाहून गाड्या आपल्याला वळसा घालतात. वाहत्या ओढ्यातून जाणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

बेन थान बाजाराची सध्याची इमारत १९१४ मधली. घासाघीस आपल्यासारखीच चालते. मात्र नोटा जपून मोजाव्यात. त्यांचे चलन डाँग. मी गेलो तेव्हा आपल्या एका रुपयाला सुमारे तीनशे डाँग येत होते, म्हणून प्रत्येक नोटेवर शून्यांची रांग. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळसर असतात आणि दोन्हींवर हो चि मिन्हच असतात. घाईत वीस हजारांच्या जागी पाच लाख दिले गेले तर आपले दीड हजार रुपये गेलेच. मोठ्या नोटा निराळ्या खिशात ठेवाव्यात.

जेवणाविषयी शाकाहारी मंडळींसाठी एक शब्द सांगून ठेवतो. व्हिएतनामी भाषेत शाकाहाराला जो शब्द आहे तो ऐकायला थेट आपल्या 'चाय'सारखा आहे. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी जेवण. पाटीवर तो शब्द दिसला की निर्धास्त आत शिरावे. एरवी नुसत्या भाजीतही मासळीचे पाणी घातलेले असते, आणि ते आपल्याला चवीवरून कळत नाही. तिथले पुष्कळ बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत, आपल्या एकादशीसारखेच. त्या दिवशी अशी खाणावळ सहज सापडते.

बाजारापासून जवळच, एका साध्या रस्त्यावर मारिअम्मनचे देऊळ आहे. फ्रेंचांच्या काळात तमिळ व्यापारी आणि सावकार सायगावात पेढ्या चालवीत. त्यांनी हे उभारले. आपल्या गावाच्या वेशीवरच्या मरीआईची आणि हिची नावे तेवढी सारखी आहेत असे नाही, साथीच्या रोगांपासून राखणारी म्हणूनही दोघींची ख्याती आहे. ते सावकार कधीच परतले. आता तिथे व्हिएतनामी आणि चिनी बायाबापड्या उदबत्त्या लावून कपाळ भिंतीला टेकवतात. मी दहा मिनिटे पायरीवर बसलो. परमुलखात मरीआई भेटेल असे मला कुणी सांगितले नव्हते. अकरांच्या यादीत हे देऊळ नव्हतेच.

दुपारी तासभर सावलीत विसावा घेतला आणि अडीच वाजता युद्धावशेष संग्रहालयात गेलो. हा मुक्काम मुद्दाम शेवटी आणि मुद्दाम लांब ठेवला होता. शेवटी अशासाठी, की ते सायंकाळपर्यंत उघडे असते, ऊन-पाऊस दोन्ही टळतात, आणि ते पाहिल्यावर दुसरे काही पाहण्याचे मन राहत नाही. हे संग्रहालय युद्ध संपल्यावर चारच महिन्यांनी, सप्टेंबर १९७५ मध्ये उघडले. त्या वेळी त्याच्या नावातच अमेरिकेचे गुन्हे असे शब्द होते. १९९० मध्ये नाव सौम्य झाले आणि १९९५ मध्ये, दोन्ही देशांचे संबंध सुरळीत झाले त्या वर्षी, सध्याचे नाव आले. नाव कसे बदलत गेले एवढे पाहिले तरी वैर कसे निवते ते कळते. तरीही ही जिंकणाऱ्यांनी सांगितलेली हकीगत आहे, हे ध्यानात ठेवून पाहावे. एका दालनात मात्र दोन्ही बाजूंच्या, त्या युद्धात कामी आलेल्या छायाचित्रकारांची चित्रे एकत्र लावली आहेत. ती पाहताना बाजू आठवत नाही.

सगळ्यात जड दालन फवाऱ्याचे. जंगलात लपलेले गनीम दिसावेत आणि त्यांचे पीक जळावे म्हणून १९६१ ते १९७१ या दहा वर्षांत अमेरिकन विमानांनी झाडे मारणारी औषधे फवारली. त्यांतल्या 'एजंट ऑरेंज' नावाच्या औषधात डायॉक्सिन हे विष मिसळलेले होते. त्याची झळ पुढच्या पिढ्यांना लागली. त्या मुलांची छायाचित्रे तिथे आहेत. लहान मुले बरोबर असतील तर ह्या दालनात नेऊ नये. मोठ्यांनी जावे, हळू जावे, आणि तिथे स्वतःची छायाचित्रे काढू नयेत. गुरुजी ज्या चित्रापुढे थांबले होते ते मला सापडले. मी ते त्यांच्या वतीने पुरे वाचले आणि वहीत उतरून घेतले.

संध्याकाळी न्गुएन ह्वे या पादचारी रस्त्यावर बसलो. समोर फ्रेंचांच्या काळची नगरपालिका दिव्यांनी उजळली होती, दुसऱ्या टोकाला नदी. पोरे धावत होती, आजोबा नातवंडांना घेऊन बसले होते. डिसेंबर २०२४ मध्ये बेन थानपासून शहराची पहिली मेट्रो सुरू झाली. जपानने दिलेल्या कर्जातून ती झाली आहे. दिवसभर गेलेला काळ पाहिला, तर शेवटचा तास चालू काळाला द्यावा, एवढेच त्या बसण्याचे कारण.

घरी आल्यावर तो सगळा दिवस मी गुरुजींना पत्राने लिहून कळवला. त्यांना पुन्हा जाणे शक्य नव्हते, गुडघे साथ देत नव्हते. ते पत्र घेऊन ते आपल्या जुन्या शाळेत गेले आणि सातवीच्या वर्गात वाचून दाखवले. त्यांचे उत्तर आले. त्यात मुलांनी विचारलेले प्रश्न लिहिले होते. रणगाड्याचे प्रश्न पुष्कळ होते. एका मुलीचा प्रश्न मात्र निराळा होता: "त्या फवारलेल्या रानात आता काय उगवतं?"

फवारणी म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या मुलीला ठाऊक असते. आम्हां दोघा मोठ्या माणसांना तो प्रश्न सुचला नव्हता. मी वाचून पाहिले आणि कळवले: सायगावच्या दक्षिणेला, समुद्राच्या तोंडाशी कान झो नावाचे खारफुटीचे रान आहे. फवाऱ्याने ते पार उजाड झाले होते. १९७८ पासून लोकांनी चिखलात उतरून तिथे पुन्हा लागवड केली. रान वाढले, आणि २००० मध्ये युनेस्कोने त्याला राखीव जीवावरणाचा मान दिला. म्हणजे बाई, तिथे आता खारफुटी उगवते.

मला दुसरी संधी मिळाली तेव्हाही मी कान झोला गेलो नव्हतो. एका दिवसात ते बसत नाही. पण पुन्हा कधी गेलो तर कुठे जायचे, हे आता ठरलेले आहे. तुम्ही निघालात तर एवढे करा: तास मोजा, नकाशावर टिंबे मांडा, निम्मी नावे खोडा, आणि निघण्यापूर्वी आपल्या शाळेतल्या मुलांना विचारून एक प्रश्न बरोबर घ्या.